चारशे डॉलरचा फोटो, दहा हजार डॉलरचं चित्र : लिन गोल्डस्मिथ यांच्या खटल्यानं काय ठरवलं?

२१ एप्रिल २०१६ रोजी अमेरिकन गायक-संगीतकार प्रिन्स याचं निधन झालं. वय अवघं ५७. एवढा मोठा कलाकार गेला म्हटल्यावर तिथल्या मासिकांनी घाईघाईनं श्रद्धांजली विशेषांक काढले. काँडे नास्ट या प्रकाशन संस्थेनंही काढला. मुखपृष्ठावर प्रिन्सचा चेहरा होता, सगळा नारिंगी रंगात. चित्र प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल यांचं. ते वापरायला मिळावं म्हणून प्रकाशन संस्थेनं वॉरहॉल यांच्या नावानं चालणाऱ्या फाउंडेशनला १०,००० डॉलर मोजले.

न्यूयॉर्कच्या संगीत छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी तो अंक पाहिला आणि त्यांना आपलाच फोटो ओळखू आला. १९८१ साली त्यांनी आपल्या स्टुडिओत काढलेला. डोळे तेच, केसांची ठेवण तीच, मान वळवण्याची ढबही तीच. या अंकासाठी त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता आणि अंकात त्यांचं नावही नव्हतं.

पुढं हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२३ मध्ये निकाल लागला तो गोल्डस्मिथ यांच्या बाजूनं. दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र, पोस्टर किंवा मुखपृष्ठ तयार करणाऱ्यांना हा निकाल आज समजून घ्यावा लागतो. आपल्याकडं लग्नाचे, नाटकाचे, संगीत मैफलींचे फोटो काढणाऱ्यांसाठीही त्यात बरंच काही आहे.

कोण या लिन गोल्डस्मिथ?

जन्म १९४८ चा, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहरातला. शिक्षण मिशिगन विद्यापीठात. थेट कॅमेरा घेऊन त्या या धंद्यात उतरल्या नाहीत. रॉक मैफलीत गायकाची छबी मोठ्या पडद्यावर दाखवणाऱ्या ‘जोशुआ टेलिव्हिजन’मध्ये त्यांनी दिग्दर्शन केलं. ‘ग्रँड फंक रेलरोड’ या बँडचं सह-व्यवस्थापनही पाहिलं. कलाकार रंगमंचावर कसा असतो आणि पडद्यामागं कसा असतो, हे त्यांनी दोन्हीकडून पाहिलं होतं.

त्या काळी रॉक संगीताच्या छायाचित्रणात बायका फारशा नव्हत्या. तरीही बॉब डिलन, मिक जॅगर, ब्रूस स्प्रिंगस्टीन, पॅटी स्मिथ अशा बिनीच्या कलाकारांना त्यांनी टिपलं. ‘लाइफ’, ‘टाइम’, ‘रोलिंग स्टोन’, ‘पीपल’ या मासिकांत त्यांचे फोटो छापून आले. पॅटी स्मिथ यांच्या १९७८ च्या ‘ईस्टर’ या अल्बमचं मुखपृष्ठ त्यांचंच. एवढ्यावर न थांबता १९८३ मध्ये ‘विल पॉवर्स’ हे टोपणनाव घेऊन त्यांनी स्वतःचा अल्बम काढला आणि त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये चांगलंच गाजलं.

या सगळ्यात पुढच्या खटल्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं पाऊल मात्र वेगळं. १९७६ मध्ये त्यांनी ‘एलजीआय’ ही स्वतःची फोटो एजन्सी सुरू केली. तिच्याकडं इतर छायाचित्रकारांचंही काम असे. काढलेले फोटो नीट जपून ठेवायचे, मागणी आली की वापराचा परवाना द्यायचा आणि त्याचं भाडं घ्यायचं, हा एजन्सीचा धंदा. १९९७ मध्ये त्यांनी ही एजन्सी ‘कॉर्बिस’ या मोठ्या कंपनीला विकली.

फोटोचं भाडं म्हणजे काय?

आपल्याकडं फोटोग्राफर म्हटलं की ऑर्डर, ॲडव्हान्स, अल्बम आणि हिशेब मिटला, असं चित्र डोळ्यांपुढं येतं. मासिकांसाठी काम करणाऱ्या फ्रीलान्स छायाचित्रकाराचा हिशेब तसा मिटत नाही. त्या दिवसाचं मानधन ही पहिली कमाई. खरी कमाई त्यानंतरच्या कित्येक वर्षांत होते. तोच फोटो कुणी पुस्तकात वापरतो, कुणी अल्बमवर, कुणी विशेषांकात, आणि प्रत्येक वेळी वेगळा परवाना लागतो. पूर्ण पान की पाव पान, एकदाच की पुन्हा पुन्हा, एका देशात की जगभर, यावर दर ठरतो.

मैफलीत काढलेला फोटो आणि स्टुडिओतलं पोर्ट्रेट यांतही फरक असतो. मैफलीत प्रकाशयोजना दुसऱ्याची, उभं राहायची जागा दुसऱ्यानं दिलेली. आता तर बहुतेक मोठ्या कार्यक्रमांत पहिली तीन गाणी होईपर्यंतच छायाचित्रकारांना पुढं थांबू देतात. शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांनाही जवळपास तोच फोटो मिळतो. स्टुडिओत मात्र प्रकाश, पार्श्वभूमी, भिंग, अंतर हे सगळं छायाचित्रकार ठरवतो. समोरच्या माणसाला बोलतं करायचं कामही त्याचंच. म्हणून चांगलं पोर्ट्रेट म्हणजे त्याच्यासाठी शेतजमिनीसारखं असतं. एकदा नीट कसलं की पीक वर्षानुवर्षं येतं.

तो फोटो कसा निघाला?

डिसेंबर १९८१. प्रिन्स तेव्हा २३ वर्षांचा होता. नाव होऊ लागलं होतं, पण ‘पर्पल रेन’ यायला अजून अडीच वर्षं होती. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकानं गोल्डस्मिथ यांना त्याचे फोटो काढायला सांगितलं. त्यांनी आधी त्याला न्यूयॉर्कच्या मैफलीत टिपलं आणि मग स्टुडिओत बोलावलं.

प्रिन्स आला तेव्हा मेकअप करूनच आला होता. गोल्डस्मिथ यांनी त्यावर जांभळी आयशॅडो आणि ओठांना लिप ग्लॉस लावला. चेहऱ्याची हाडं उठून दिसावीत अशी प्रकाशयोजना केली. पार्श्वभूमी पांढरी ठेवली. ३५ मिलिमीटरचा निकॉन कॅमेरा आणि ८५ व १०५ मिलिमीटरची भिंगं घेतली, कारण चेहऱ्याचा आकार त्यांत जास्त चांगला येतो असं त्यांचं मत होतं. प्रिन्स मात्र अवघडलेला होता. पुढं साक्षीत गोल्डस्मिथ यांनी सांगितलं की त्यांना तो संकोची आणि हळवा वाटला, आणि फोटोत तेच आणायचं होतं.

‘न्यूजवीक’नं शेवटी मैफलीतला फोटो छापला. स्टुडिओतलं पोर्ट्रेट गोल्डस्मिथ यांच्याकडंच राहिलं. अमेरिकेत १९७८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार फ्रीलान्स छायाचित्रकारानं हक्क लेखी सोडले नसतील तर कॉपीराइट त्याचाच असतो. त्यामुळं न छापलेल्या फोटोची मालकीही त्यांचीच होती.

‘संदर्भासाठी’ दिलेला परवाना

१९८४ मध्ये ‘पर्पल रेन’ आला आणि प्रिन्स एकदम शिखरावर पोहोचला. ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाला त्याच्यावर लेख करायचा होता आणि सोबत चित्र हवं होतं. मासिकानं गोल्डस्मिथ यांच्या एजन्सीकडून तो स्टुडिओतला फोटो चित्रकारासाठी संदर्भ म्हणून घेतला. मोबदला ४०० डॉलर. अटी स्पष्ट होत्या : चित्र एकदाच छापायचं, एक पूर्ण पान आणि एक पाव पान, छायाचित्रकाराचं नाव द्यायचं, याखेरीज दुसरा कोणताही वापर नाही. चित्रकार अँडी वॉरहॉल आहेत हे गोल्डस्मिथ यांना सांगण्यात आलं नव्हतं.

वॉरहॉल यांनी फोटोतला चेहरा तेवढा घेतला, खालचा भाग कापला आणि सिल्कस्क्रीन तंत्रानं त्यावर सपाट, भडक रंग चढवले. जांभळ्या रंगातलं चित्र नोव्हेंबर १९८४ च्या अंकात छापून आलं. गोल्डस्मिथ यांचं नावही दिलं गेलं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणं झालं.

पण वॉरहॉल एका चित्रावर थांबले नव्हते. त्याच फोटोवरून त्यांनी आणखी १५ कलाकृती केल्या. १९८७ मध्ये ते वारले आणि त्या कलाकृतींचे हक्क फाउंडेशनकडं गेले. नारिंगी प्रिन्स हा त्यांतलाच एक. ही जादा चित्रं आहेत हे गोल्डस्मिथ यांना कळलं ते २०१६ मध्ये, तो विशेषांक पाहिल्यावर. म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी.

फोटो उचलल्याचा आरोप वॉरहॉल यांच्यावर त्यांच्या हयातीतही झाला होता. १९६४ ची त्यांची जास्वंदीच्या फुलांची प्रसिद्ध चित्रं एका मासिकात आलेल्या फोटोवरून केलेली होती. छायाचित्रकार पॅट्रिशिया कॉलफिल्ड यांनी दावा लावला आणि प्रकरण तडजोडीनं मिटलं.

कोर्टात काय झालं?

गोल्डस्मिथ यांनी फाउंडेशनला कळवलं की हा आपल्या कॉपीराइटचा भंग आहे. गंमत म्हणजे आधी कोर्टात गेलं ते फाउंडेशन. २०१७ मध्ये त्यांनी दावा केला की आम्ही काही चुकीचं केलेलं नाही, असं कोर्टानंच जाहीर करावं.

अमेरिकेच्या कायद्यात ‘फेअर यूज’ म्हणून एक सवलत आहे. टीका, बातमी, अध्यापन, विडंबन अशा कामांसाठी दुसऱ्याची कृती काही प्रमाणात परवानगीशिवाय वापरता येते. वापर त्यात बसतो की नाही हे ठरवताना चार गोष्टी पाहतात : वापराचा हेतू आणि स्वरूप, मूळ कृतीचा प्रकार, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. यातल्या पहिल्या मुद्द्यावर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका विडंबनगीताच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला होता. नव्या कृतीनं मूळ कृतीत काही नवा अर्थ किंवा वेगळा हेतू आणला आहे का, हे पाहावं असं त्यात म्हटलं होतं. पुढं या ‘नव्या अर्था’चा आधार अनेक जण घेऊ लागले.

फाउंडेशनचा युक्तिवाद तोच होता. गोल्डस्मिथ यांच्या फोटोत एक अवघडलेला तरुण दिसतो. वॉरहॉल यांनी त्याचा झगमगता, माणूसपण हरवलेला ‘सेलिब्रिटी’ केला. अर्थ बदलला, म्हणजे कृती नवी. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं हे मान्य केलं. २०२१ मध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला. न्यायाधीशांनी कलासमीक्षक व्हायला जाऊ नये, असं तिथं सांगण्यात आलं.

सर्वोच्च न्यायालयात १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सुनावणी झाली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ऐंशीच्या दशकात आपण प्रिन्सचे चाहते होतो असं सांगून दरबारात हशा पिकवला. १८ मे २०२३ रोजी ७ विरुद्ध २ अशा मतांनी निकाल गोल्डस्मिथ यांच्या बाजूनं लागला.

निकालाचा गाभा काय?

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी लिहिला. वॉरहॉल थोर की गोल्डस्मिथ, या वादात त्या शिरल्या नाहीत. त्यांनी पाहिलं ते एवढंच की या ठिकाणी चित्र कशासाठी वापरलं गेलं. प्रिन्सवरच्या मासिकात, प्रिन्स कसा दिसतो हे दाखवण्यासाठी, पैसे घेऊन. गोल्डस्मिथ यांचा फोटो तरी कशासाठी वापरला जातो? अगदी त्याच कामासाठी. प्रिन्स गेल्यावर ‘पीपल’ मासिकानं त्यांचा एक फोटो आपल्या विशेषांकासाठी १,००० डॉलर देऊन घेतलाच होता. म्हणजे एकाच बाजारात, एकाच गिऱ्हाइकाला, एकाच गरजेसाठी दोन वस्तू विकायला होत्या, आणि त्यातली एक दुसरीवरून बनवलेली होती.

मग वॉरहॉल यांच्या सूपच्या डब्यांचं काय? तेही तर दुसऱ्याच्या कंपनीचं लेबल. न्यायालयानं सांगितलं की त्या लेबलाचं काम सूप विकणं आहे, आणि चित्राचं काम ग्राहकवृत्तीवर बोट ठेवणं. दोघांचा हेतू वेगळा. नारिंगी प्रिन्सच्या मुखपृष्ठात तसा वेगळा हेतू दिसत नाही.

आणखी एक कळीचा मुद्दा असा. मूळ कृतीवरून नव्या रूपातली कृती बनवण्याचा हक्कही कायद्यानं मूळ निर्मात्याला दिला आहे. कादंबरीवरून सिनेमा काढला तर अर्थ, माध्यम, परिणाम सगळं बदलतं, तरी लेखकाची परवानगी लागतेच. नवा अर्थ दिला की परवानगी नको, असं म्हटलं तर हा हक्कच उरणार नाही.

विरोधी मत न्यायमूर्ती एलेना केगन यांचं, आणि त्यांच्यासोबत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स. ते मतही वजनदार आहे. केगन यांचं म्हणणं असं की चित्रकला, संगीत, साहित्य कायमच आधीच्यांच्या खांद्यावर उभं राहत आलं आहे. वॉरहॉल यांनी केलेला बदल डोळ्यांना दिसत असताना तो नाकारला, तर पुढच्या कलाकारांचे हात बांधले जातील. ही भीती कलाविश्वात आजही आहे.

म्हणून निकालाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. न्यायालयानं फक्त २०१६ च्या त्या एका परवान्याबद्दल आणि चारपैकी फक्त पहिल्या मुद्द्याबद्दल ठरवलं. वॉरहॉल यांनी ती चित्रं काढायला नको होती किंवा संग्रहालयानं भिंतीवरून उतरवावीत, असं कुठंही म्हटलेलं नाही.

हाच फोटो भारतात काढला असता तर?

इथं आपल्याकडच्या छायाचित्रकारांनी कान टवकारायला हवेत. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो केंद्राचा असल्यानं बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद सगळीकडं एकच आहे. या कायद्यात फोटोचा निर्माता म्हणजे फोटो काढणारा. पण कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे कोऱ्या तोंडी व्यवहारात गोल्डस्मिथ यांच्यासारखी ऑर्डर इथं घेतली असती, तर तो फोटो मासिकाचा झाला असता आणि पुढचा खटलाच उभा राहिला नसता.

वर्तमानपत्रात पगारावर असलेल्या छायाचित्रकाराची स्थिती थोडी वेगळी. वेगळा करार नसेल तर छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचे हक्क छायाचित्रकाराचे. आणि कुणीही न सांगता, स्वतःच्या हौसेनं मैफलीत जाऊन काढलेला फोटो पूर्णपणे काढणाऱ्याचा.

तरीही काही गोष्टी छायाचित्रकाराच्या बाजूच्या आहेत :

- मुदत : २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्याआधी तो फोटो प्रसिद्ध झाल्यापासून मोजला जाई.
- नोंदणी : हक्क मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. फोटो काढला की हक्क तयार.
- लेखी परवाना : परवाना लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत. म्हणून दोन्ही लिहावं.
- चित्र आणि पुतळा : फोटोवरून पुतळा किंवा शिल्प करणं, म्हणजे सपाट कृतीला त्रिमिती रूप देणं, हाही कॉपीराइटच्या मालकाचाच हक्क आहे.
- नाव : कलम ५७ प्रमाणं कॉपीराइट दुसऱ्याकडं गेला तरी ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा हक्क निर्मात्याकडं राहतो.
- दावा कुठं : सीमाभागात हा मुद्दा मोलाचा. फोटो वापरणारा दुसऱ्या राज्यात असला तरी कलम ६२ प्रमाणं छायाचित्रकार आपण राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो.

दुसऱ्या बाजूनं, बातमी देणं, समीक्षा करणं, खासगी अभ्यास यांसाठी आपल्याही कायद्यात सवलत आहे. त्यामुळं प्रत्येक वापर म्हणजे चोरी, असंही नाही.

बिलावरची एक ओळ

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या आणि देवासला आयुष्य घालवलेल्या कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये झाली. अशा वेळी स्मरणिका निघतात, फ्लेक्स लागतात, निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, आणि कपाटातले जुने फोटो बाहेर येतात. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, प्रायोजकाचं असतं, छपाईवाल्याचंही कोपऱ्यात असतं. फोटो कुणी काढला, हे मात्र बहुतेक वेळा कुणी विचारतही नाही.

गोल्डस्मिथ यांची बाजू टिकली ती १९८४ च्या एका कागदामुळं. त्यावर वापर किती वेळा, किती पानांत आणि कशासाठी, एवढंच लिहिलेलं होतं. एजन्सीनं तो व्यवहार तोंडी केला असता, तर ३२ वर्षांनी चारशे डॉलरचं काम काय होतं हे सांगायला कुणी उरलं नसतं. आपल्याकडच्या छायाचित्रकाराला एवढा मोठा खटला लढायची गरज नाही. बिलाच्या खाली ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे, वापर अमुक कामापुरता, नाव देणे आवश्यक’ असं लिहून गिऱ्हाइकाची सही घेतली, तरी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं स्मरणिका काढणाऱ्यांच्या हातात आहे : फोटोखाली नाव छापायला शाई फार लागत नाही.